‘हॅव’ नीट शिकण्यासाठी: आधी पुढचा शब्द, मग अर्थ

“आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स”, “डझ ही हॅज अ लायसन्स?”, “आय हॅड गॉन टु नाशिक यस्टर्डे” ही तीन वाक्ये मराठी माणसाच्या इंग्रजीत वारंवार भेटतात. ती बोलणाऱ्याला व्याकरण येत नाही असेही म्हणवत नाही, कारण काळांची नावे आणि नियम त्याला बहुधा पाठ असतात. अडचण वेगळीच आहे. ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ हा एक अर्थ शाळेत पक्का होतो आणि पुढे सगळी वाक्ये त्याच अर्थाच्या जोरावर रचली जातात. इंग्रजीत ‘बी’च्या खालोखाल सर्वांत जास्त वापरले जाणारे हे क्रियापद एवढ्याशा अर्थात मावत नाही. पाचवीपासून इंग्रजी शिकलेली पिढी आणि २००० नंतर पहिलीपासून शिकलेली पिढी, दोन्ही येथे सारख्याच अडखळताना दिसतात.

येथे दिलेली पद्धत एका सवयीवर उभी आहे. ‘हॅव’चा अर्थ ‘हॅव’मध्ये शोधू नये, त्याच्या पुढे काय आले आहे ते आधी पाहावे. पुढे नाम असेल तर एक काम, ‘टु’ असेल तर दुसरे, क्रियापदाचे तिसरे रूप असेल तर तिसरे, आणि मध्ये नाम येऊन त्यानंतर तिसरे रूप असेल तर चौथे. टप्पे याच क्रमाने लावले आहेत. चौथ्या टप्प्यावर थेट उडी मारणारे बहुतेक जण दुसऱ्या टप्प्यातल्या चुका बरोबर घेऊन जातात, म्हणून क्रम मोडू नये.

पूर्वतयारी

पहिली गरज वहीची. तिच्यात शब्द आणि अर्थ असे दोन रकाने आखू नयेत. चार स्वतंत्र पाने ठेवावीत आणि त्यांवर ‘पुढे नाम’, ‘पुढे टु’, ‘पुढे तिसरे रूप’ आणि ‘मध्ये नाम’ असे मथळे घालावेत. वाचताना किंवा ऐकताना ‘हॅव’ असलेले वाक्य सापडले की ते पूर्ण, जसेच्या तसे, योग्य पानावर उतरवावे. सुटा शब्द लिहू नये.

दुसरी गरज विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशाची. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि लाँगमन या तिघांचेही असे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. लाँगमनच्या कोशातील व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे सुरुवातीला तो सोयीचा पडतो. ‘हॅव’ची नोंद कोशात सहसा दोन भागांत असते, एक सहाय्यक क्रियापदाची आणि दुसरी मुख्य क्रियापदाची. लोक पहिला भाग पाहून थांबतात, दोन्ही वाचावेत. इंग्रजी-मराठी कोश नामांसाठी उत्तम असतो, पण येथे तो ‘जवळ असणे, बाळगणे’ अशी यादी हाती देतो आणि आपण पुन्हा मूळ अडचणीशी येऊन थांबतो.

तिसरी गरज अनियमित क्रियापदांच्या तिसऱ्या रूपांची. गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, टेक-टुक-टेकन, राइट-रोट-रिटन, अशी नेहमीच्या वापरातली पन्नासेक क्रियापदे न अडखळता म्हणता यायला हवीत. कट, पुट, हिट यांसारखी तिन्ही रूपे सारखी असणारी क्रियापदे वेगळी लिहून ठेवावीत. पाचव्या टप्प्यात त्यांच्यामुळेच गोंधळ होतो.

शेवटी, आपल्या रोजच्या बोलण्यातली वीस मराठी वाक्ये लिहून बाजूला ठेवावीत: “माझ्याकडे सुट्टे नाहीत”, “मला लवकर निघावं लागेल”, “काल आम्ही मामाकडे गेलो होतो”, अशी. त्यांचे भाषांतर आत्ता करू नये. ती सहाव्या टप्प्यात लागतील.

टप्पा १: रूपे आणि उच्चार पक्के करणे

रूपे चारच आहेत: हॅव, हॅज, हॅड, हॅविंग. ‘हॅज’ फक्त वर्तमानकाळात आणि फक्त ही, शी, इट किंवा एका व्यक्तीच्या, एका वस्तूच्या नावाबरोबर येते. हा नियम सर्वांना ठाऊक असतो, तरी चुका होतात त्या पुढील तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण आदरार्थी अनेकवचनाचे. मराठीत वडील ‘आले आहेत’, सर ‘म्हणाले आहेत’, म्हणून मनात अनेकवचन तयार होते आणि हातून “माय फादर हॅव” लिहिले जाते. इंग्रजीला हा आदर क्रियापदात दाखवता येत नाही. वडील एकच, म्हणून “माय फादर हॅज”. दुसरे ठिकाण फसव्या नामांचे: “एव्हरीवन हॅज”, “द न्यूज हॅज”, “वन ऑफ माय फ्रेंड्स हॅज”, पण “द पोलीस हॅव” आणि “पीपल हॅव”. तिसरे ठिकाण मदतनीस क्रियापदांचे. डझ, डिड, विल, कॅन, शुड, मस्ट किंवा ‘टु’ आधी आले की पुढे नेहमी ‘हॅव’च येते, कर्ता कोणीही असो. “डझ ही हॅव”, “डिड शी हॅव”, “शी विल हॅव”. ‘डझ’ने ‘हॅज’मधला ‘ज’ आधीच उचललेला असतो, तो दोनदा लावायचा नसतो.

उच्चाराविषयी थोडेच सांगायचे आहे. ‘हॅव’च्या शेवटचा ‘व’ वरचे दात खालच्या ओठाला टेकवून म्हणावा. ‘हॅव टु’ एकत्र बोलताना तो ‘हॅफ्टु’सारखा ऐकू येतो आणि ‘हॅज टु’ ‘हॅस्टु’सारखा, ऐकताना हे ओळखता आले की पुरे. वाक्याच्या मध्ये सहाय्यक ‘हॅव’ इतके आखडते की ‘आय हॅव’चे ‘आयव्ह’ आणि ‘शुड हॅव’चे ‘शुडव’ होते. मालकी सांगणारे मुख्य ‘हॅव’ मात्र सहसा पूर्ण उच्चारले जाते.

पडताळा: आजोबा, पोलीस, एव्हरीवन, बातमी आणि “माझ्या मैत्रिणींपैकी एक” हे पाच कर्ते घेऊन प्रत्येकाचे एक विधान आणि एक प्रश्न तोंडी करावा. प्रश्नात कोठेही ‘हॅज’ आले तर पुढे जाऊ नये. अपवाद एकच, प्रश्नच ‘हॅज’ने किंवा प्रश्नशब्दानंतर लगेच येणाऱ्या ‘हॅज’ने सुरू होत असेल तर: “हॅज एव्हरीवन लेफ्ट?”

टप्पा २: पुढे नाम असेल तेव्हा

मराठीत या कामासाठी स्वतंत्र क्रियापद नाही. “माझ्याकडे गाडी आहे”, “मला दोन भाऊ आहेत”, “त्याचे डोळे घारे आहेत”, “या खोलीला दोन खिडक्या आहेत”, “मला सर्दी झाली आहे” अशा निरनिराळ्या रचना आपण सहज करतो आणि प्रत्येक ठिकाणी वस्तू किंवा माणसे कर्त्याच्या जागी असतात. इंग्रजीत ही सगळी वाक्ये एकाच साच्यात बसतात, पण त्यासाठी वाक्य उलटे करावे लागते. रीत अशी: ‘कडे’, ‘ला’ किंवा ‘चा-ची-चे’ लागलेला माणूस किंवा वस्तू शोधावी, प्रत्यय काढून तिला कर्ता करावे, ‘आहे’ विसरून जावे, आणि उरलेले नाम ‘हॅव’च्या पुढे ठेवावे. “आय हॅव अ कार”, “आय हॅव टू ब्रदर्स”, “ही हॅज ग्रे आइज”, “धिस रूम हॅज टू विंडोज”, “आय हॅव अ कोल्ड”.

हे उलटे करणे टाळले की “माय टू ब्रदर्स आर देअर” किंवा “इन माय हाउस फाइव्ह रूम्स आर देअर” असली वाक्ये तयार होतात. शेवटचे ‘आर देअर’ हे मराठी ‘आहेत’चेच रूपांतर असते.

सावधान: वाक्यात मालक नसेल आणि फक्त ठिकाण असेल, तर ‘हॅव’ वापरू नये. “टेबलावर पुस्तक आहे” याचे “देअर इज अ बुक ऑन द टेबल” असे होते. टेबलाला कर्ता करून “द टेबल हॅज अ बुक” म्हणणे विचित्र वाटते. खोलीच्या खिडक्या मात्र खोलीचाच भाग असतात, म्हणून तेथे ‘हॅज’ चालते.

आता ‘हॅविंग’कडे. “आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स” चूक का आणि “आय ॲम हॅविंग लंच” बरोबर का, याचे उत्तर नामात आहे. भाऊ असणे ही स्थिती आहे, जेवणे ही कृती आहे, आणि चालू काळ फक्त कृतीला लागतो. कसोटी सोपी आहे: ‘हॅव’च्या जागी मराठीत खाणे, पिणे, करणे, घेणे किंवा अनुभवणे यांपैकी काही बसले तर ‘हॅविंग’ चालेल, ‘असणे’च बसत असेल तर चालणार नाही. म्हणून “वी आर हॅविंग अ मीटिंग”, “दे आर हॅविंग अ गुड टाइम”, “आय ॲम हॅविंग ट्रबल विथ धिस ॲप” ही बरोबर, आणि “आय ॲम हॅविंग अ कार”, “आय ॲम हॅविंग फीवर” ही चूक. कार्यालयीन मेलमधले “आय ॲम हॅविंग अ डाउट” हे वाक्य तर भारताबाहेरच्या वाचकाला दुहेरी बुचकळ्यात टाकते, कारण त्याच्या लेखी ‘डाउट’ म्हणजे अविश्वास. “आय हॅव अ क्वेश्चन” लिहावे.

याच नियमामुळे एक जोडी जपून वापरावी लागते. “शी हॅज अ बेबी” म्हणजे तिला बाळ आहे. “शी इज हॅविंग अ बेबी” म्हणजे तिला बाळ होणार आहे, किंवा प्रसूती सुरूच आहे. बारशाचे आमंत्रण देताना दुसरे वाक्य लिहिले तर पाहुणे दवाखान्याचा पत्ता विचारतील.

चहा-जेवणाला ‘टेक’ लावण्याची सवयही येथेच सोडावी. “चहा घ्या” हे “टेक टी” होत नाही. “हॅव सम टी” म्हणावे. औषधाला मात्र ‘टेक’च लागते. अंघोळीला ब्रिटिश इंग्रजीत ‘हॅव’ आणि अमेरिकन इंग्रजीत ‘टेक’ वापरतात, दोन्ही बरोबर.

प्रश्न आणि नकार ‘डू’च्या मदतीने करावेत. “सुट्टे आहेत का?” याचे “डू यू हॅव चेंज?” आणि “नाहीत” याचे “आय डोंट हॅव एनी”. ब्रिटिश बोलण्यात “हॅव यू गॉट चेंज?” आणि “आय हॅवंट गॉट एनी” असेही म्हणतात, त्यातल्या ‘गॉट’ला वेगळा अर्थ नसतो. कोणतीही एक पद्धत निवडावी, पण “डू यू हॅव गॉट” अशी भेसळ करू नये. माझे मत विचाराल तर शिकताना ‘डू’चीच धरावी, कारण ती वर्तमान आणि भूत या दोन्ही काळांत सारखी चालते.

पडताळा: वहीच्या पहिल्या पानावर कडे, ला, चा आणि ‘झाला आहे’ या चारही मराठी रचनांवरून आलेले किमान एकेक वाक्य आहे का ते पाहावे. सगळी ‘माझ्याकडे’चीच असतील तर टप्पा अर्धाच झाला आहे.

टप्पा ३: पुढे ‘टु’ असेल तेव्हा

‘हॅव टु’ म्हणजे लागणे, भाग असणे. “मला जावं लागतं” म्हणजे “आय हॅव टु गो”, “जावं लागलं” म्हणजे “हॅड टु गो”, “जावं लागेल” म्हणजे “विल हॅव टु गो”. ‘टु’नंतर मूळ रूपच येते, “आय हॅड टु वेंट” असे कधीही होत नाही, कारण भूतकाळ ‘हॅड’ने आधीच सांगितलेला असतो.

अडचण ‘जायचं आहे’ने होते. “मला उद्या बँकेत जायचं आहे” या वाक्यात इच्छा आहे की काम, हे मराठी ऐकणारा संदर्भाने ओळखतो; इंग्रजीत ते आधी ठरवावे लागते. मनातल्या मनात ‘जावं लागणार आहे’ असे करून पाहावे. अर्थ बदलला नाही तर ‘हॅव टु’. बदलला आणि ‘जायची इच्छा आहे’ हे जास्त जवळचे वाटले, तर ‘वाँट टु’. डॉक्टरकडे पाच वाजता जायचे असते तेव्हा ‘हॅव टु’, कोकणात फिरायला जायचे असते तेव्हा ‘वाँट टु’. रजा मागताना “आय वाँट टु गो टु द बँक” म्हटले की काम असूनही हौस असल्यासारखे ऐकू येते.

सावधान: नकारात अर्थ पार बदलतो. “यू डोंट हॅव टु पे” म्हणजे पैसे द्यावे लागणार नाहीत, द्यायचे तर द्या. “यू मस्ट नॉट पे” म्हणजे पैसे द्यायचे नाहीत, मनाई आहे. मराठी ‘द्यायचे नाहीत’ दोन्हीकडे ओढता येते, म्हणून सूचना-फलक किंवा नियमावली लिहिणाऱ्याने येथे विशेष जपावे. मनाईसाठी ‘डोंट हॅव टु’ लिहिले तर वाचणारा ती सवलत समजतो.

टप्पा ४: पुढे तिसरे रूप असेल तेव्हा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, कारण चुकांचे मूळ इंग्रजीत नसून मराठीतल्या ‘आहे’ आणि ‘होतो’मध्ये आहे. ही दोन रूपे दिसायला ‘हॅव’ आणि ‘हॅड’च्या जोडीची वाटतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत.

आधी ‘आहे’ घ्यावे. “मी काल फाइल पाठवली आहे” हे वाक्य मराठीत अगदी स्वाभाविक आहे. त्यावरून झालेले “आय हॅव सेंट द फाइल यस्टर्डे” मात्र चूक ठरते, कारण इंग्रजीत ‘हॅव’ आणि तिसरे रूप यांना संपलेली वेळ चालत नाही. यस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९, ऑन मंडे असे काहीही वाक्यात असले की ‘हॅव’ काढून साधा भूतकाळ लिहावा: “आय सेंट द फाइल यस्टर्डे”. वेळ सांगितलीच नसेल, किंवा टुडे, धिस वीक, जस्ट, ऑलरेडी, एव्हर, नेव्हर असे अजून न मिटलेल्या वेळेचे शब्द असतील, तर ‘हॅव’ योग्य: “आय हॅव ऑलरेडी सेंट द फाइल”. अमेरिकन लोक जस्ट आणि ऑलरेडीबरोबरही बऱ्याचदा साधा भूतकाळ वापरतात, म्हणून त्यांच्या मालिका पाहताना “आय ऑलरेडी एट” ऐकले तर गोंधळू नये.

आता ‘होतो’. “काल आम्ही नाशिकला गेलो होतो” असे आपण म्हणतो तेव्हा जाऊन परत आलो आहोत, विषय संपला आहे, एवढेच ‘होतो’ सांगते. इंग्रजीतले ‘हॅड गॉन’ हे काम करत नाही. त्याला भूतकाळातली दुसरी घटना किंवा दुसरा क्षण लागतो, ज्याच्या आधी हे घडलेले असते. तसा क्षण नसताना “आय हॅड गॉन टु नाशिक यस्टर्डे” म्हटले तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो: गेला होतास, मग काय झाले? येथे “वी वेंट टु नाशिक यस्टर्डे” एवढेच हवे. “मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती” यात मात्र दोन घटना आहेत आणि गाडी आधी सुटली आहे, म्हणून “व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट”.

यावर एकच कसोटी ठेवावी. ‘हॅड’ लिहिले की “कशाच्या आधी?” असे स्वतःला विचारावे. उत्तर त्याच वाक्यात किंवा मागच्या-पुढच्या वाक्यात नसेल तर ‘हॅड’ खोडावे आणि दुसरे रूप लिहावे. “ॲज आय हॅड टोल्ड यू लास्ट वीक”, “आय हॅड कॉल्ड यू इन द मॉर्निंग” यांसारखी कार्यालयांत रोज फिरणारी बहुतेक वाक्ये या कसोटीवर गळतात.

तिसरी अडचण ‘पासून’ची. “मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो” यातला ‘राहतो’ वर्तमानकाळी असल्यामुळे “आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स” असे वाक्य होते, आणि त्यात दोन चुका आहेत. मागे सुरू होऊन आजपर्यंत चाललेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘हॅव’ लागते, आणि कालावधीला ‘फॉर’ लागतो. बरोबर वाक्य: “आय हॅव लिव्ड इन पुणे फॉर टेन इयर्स”, किंवा “हॅव बीन लिव्हिंग”. ‘सिन्स’च्या पुढे सुरुवातीचा बिंदू येतो: सिन्स २०१५, सिन्स मंडे, सिन्स माय चाइल्डहुड. पुढे “किती?” विचारता आले तर ‘फॉर’, “केव्हापासून?” विचारता आले तर ‘सिन्स’.

‘गॉन’ आणि ‘बीन’ यांतला फरक मराठी माणसाला फारसा जड जात नाही. “तो दुबईला गेला आहे” म्हणजे “ही हॅज गॉन टु दुबई”, तो अजून तिकडेच आहे. “तो दुबईला जाऊन आला आहे” म्हणजे “ही हॅज बीन टु दुबई”.

‘हॅव हॅड’ आणि ‘हॅड हॅड’ पाहून घाबरण्याचे कारण नाही. पहिले सहाय्यक असते आणि दुसरे दुसऱ्या टप्प्यातले मुख्य क्रियापद, तिसऱ्या रूपात. “माझं जेवण झालं आहे” म्हणजे “आय हॅव हॅड लंच”.

आणखी एक रचना याच पानावर लिहावी: शुड, मस्ट किंवा कुड, मग ‘हॅव’, मग तिसरे रूप. “त्याने सांगायला हवं होतं” हे “ही शुड हॅव टोल्ड मी” होते आणि “ती विसरली असेल” हे “शी मस्ट हॅव फरगॉटन”. कर्ता ही असो वा शी, येथे ‘हॅज’ कधीच येत नाही. बोलताना ‘शुडव’ ऐकून लिहिताना ‘शुड ऑफ’ लिहिण्याची चूक मातृभाषा इंग्रजी असलेलेही करतात; त्यांचे पाहून आपण करू नये.

पडताळा: आपण पाठवलेल्या जुन्या मेलपैकी दहा मेल उघडावेत आणि प्रत्येक ‘हॅड’ला “कशाच्या आधी?” व प्रत्येक ‘हॅव’ला “संपलेली वेळ आहे का?” हे दोन प्रश्न लावावेत. या दोन प्रश्नांची सवय जडेपर्यंत पाचवा टप्पा सुरू करू नये.

टप्पा ५: मध्ये नाम आणि मग तिसरे रूप

“मी केस कापले” असे आपण केशकर्तनालयातून आल्यावरही म्हणतो. इंग्रजीत “आय कट माय हेअर” म्हटले की कात्री स्वतःच्या हातात होती असा अर्थ होतो. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामाला “आय हॅड माय हेअर कट” ही रचना लागते. क्रम पाहावा: हॅड, मग वस्तू, मग तिसरे रूप. वस्तू शेवटी गेली तर “आय हॅड कट माय हेअर” होते आणि आपण नकळत चौथ्या टप्प्यात जातो: मी आधीच स्वतःचे केस कापले होते. ‘कट’ची तिन्ही रूपे सारखी असल्यामुळे येथे फक्त शब्दांचा क्रमच अर्थ सांभाळतो.

गाडी दुरुस्त करून घेतली, चष्मा बदलून घेतला, कागदपत्रे साक्षांकित करून घेतली, हे सगळे याच साच्यात बसते: “आय हॅड माय बाइक रिपेअर्ड”, “आय हॅड द पेपर्स अटेस्टेड”. नुकसानीसाठीही हाच साचा चालतो. “त्याचा फोन चोरीला गेला” हे “ही हॅड हिज फोन स्टोलन” असे होऊ शकते, जरी चोरी त्याने करून घेतलेली नसते. प्रश्न आणि नकार येथेही ‘डू’नेच होतात: “व्हेअर डू यू हॅव युअर कार सर्व्हिस्ड?”

मध्ये वस्तूऐवजी माणूस आला आणि तो स्वतः काम करणार असेल, तर तिसऱ्या रूपाऐवजी मूळ रूप येते. “त्यांना तुम्हाला फोन करायला सांगतो” यासाठी कार्यालयात “आय विल हॅव हिम कॉल यू” म्हणतात. ‘कॉल्ड’ नाही, ‘टु कॉल’ही नाही.

टप्पा ६: आखडलेली रूपे ओळखणे आणि अंतिम तपासणी

‘हीज’ हे ‘ही इज’ आहे की ‘ही हॅज’, आणि ‘आयड’ हे ‘आय हॅड’ आहे की ‘आय वुड’, हे पुन्हा पुढच्या शब्दावरूनच कळते. ‘आयड’नंतर मूळ रूप आले तर ‘वुड’, तिसरे रूप आले तर ‘हॅड’. एकच फसवे ठिकाण आहे: “यूड बेटर गो” यात पुढे मूळ रूप असूनही ‘हॅड बेटर’ आहे. त्याचा अर्थ “गेलेलं बरं, नाहीतर पंचाईत होईल” असा, थोडा इशाऱ्याचा. वरिष्ठांना उद्देशून ते वापरू नये.

‘हीज’नंतर ‘गॉन’, ‘फिनिश्ड’ अशी मोजकी रूपे आली की ‘इज’ आणि ‘हॅज’ दोन्ही शक्य असतात. तेथे अर्थात फारसा फरक पडत नसल्याने अडून बसू नये.

अंतिम तपासणीसाठी आजारपणाच्या रजेचा नेहमीचा अर्ज घेऊ. मूळ मजकूर असा असतो: “आय ॲम हॅविंग फीवर सिन्स टू डेज. आय हॅड गॉन टु द डॉक्टर यस्टर्डे. द डॉक्टर हॅव टोल्ड मी टु टेक रेस्ट. आय हॅव सेंट द रिपोर्ट ऑन मंडे.”

पहिल्या वाक्यात ताप ही स्थिती आहे, म्हणून ‘हॅविंग’ जाते. ती दोन दिवस चालू आहे, म्हणून ‘हॅव’ हवे. आणि दोन दिवस हा कालावधी, म्हणून ‘फॉर’. उत्तर: “आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज”. दुसऱ्यात ‘हॅड’ कशाच्या आधी? उत्तर नाही, म्हणून “आय वेंट टु द डॉक्टर यस्टर्डे”. तिसऱ्यात डॉक्टर एकच आहेत, मराठीत ‘म्हणाले’ असले तरी: “द डॉक्टर हॅज टोल्ड मी टु टेक रेस्ट”. चौथ्यात सोमवार संपला आहे: “आय सेंट द रिपोर्ट ऑन मंडे”.

याच रीतीने, सुरुवातीला बाजूला ठेवलेली वीस मराठी वाक्ये आता इंग्रजीत करावीत. भाषांतर करण्यापूर्वी प्रत्येक वाक्यासमोर वहीतल्या कोणत्या पानाचे ते आहे याचा आकडा पेन्सिलीने लिहावा: एक, दोन, तीन, चार, किंवा ‘हॅव नको’. “काल आम्ही मामाकडे गेलो होतो” याच्यासमोर ‘हॅव नको’ असेच यायला हवे. वाक्य चुकले तर आधी आकडा तपासावा. आकडा चुकला असेल तर त्या पानाच्या टप्प्याकडे परत जावे. आकडा बरोबर असून वाक्य चुकले असेल, तर दोष बहुधा तिसऱ्या रूपाचा किंवा हॅव-हॅजचा असतो, आणि त्यासाठी पूर्वतयारीतली यादी व पहिला टप्पा पुन्हा चाळला की काम भागते.